दुरुस्तीचा नफा

फियोर्डकाठच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, त्या गावात आस्लाकचा बोटी बांधायचा कारखाना होता आणि युरुन तिथे हिशेब लिहायची. गाव जगायचं कारखान्यावर, आणि कारखाना बँकेच्या मर्जीवर.

त्या हिवाळ्यात बोटी पाण्यातून वर ओढायचं यंत्र मोडलं. झिजलेली चाकं, साखळ्या बदलण्यात आठ लाख क्रोनर गेले. यंत्र जुनंच, काम जुनंच. म्हणजे ही निव्वळ दुरुस्ती, सगळी त्याच वर्षाच्या खर्चात जाणारी. वर्ष तोट्यात गेलं असतं, ताळेबंदातलं भांडवल आटलं असतं आणि बँकेने हात वर केले असते.

"मालमत्ता म्हणून दाखव ना," आस्लाक गयावया करू लागला. "दहा वर्षांत थोडं थोडं खर्ची टाकू."

"अरे, नवं काय घेतलंय आपण? म्हातारीला कवळी बसवलीय!"

"मग तूच सांग पोरांना, उद्यापासून कामावर येऊ नका म्हणून."

तेवढी छाती युरुनला झाली नाही. तिने आठ लाख यंत्रसामग्रीत धरले. त्यासरशी तोट्याचा नफा झाला, ताळेबंद गुटगुटीत दिसू लागला, बँक खूश झाली. खात्यातली रोकड मात्र होती तेवढीच, म्हणजे जवळजवळ नाहीच.

आणि घाईत दोघंही रिवाज विसरले. नफा झाला की सतरा मेच्या राष्ट्रीय सणाआधी त्यातला वाटा कामगारांना द्यायचा, हे आस्लाकच्या बापापासून चालत आलेलं. कामगारांच्या वतीने ओड्वार संचालकांच्या बैठकीला बसायचा. त्याने आकडा वाचला आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला.

मे उजाडला तसं युरुनला राहवेना. शेवटी जेवणाच्या सुट्टीत ती ओड्वारसमोर येऊन बसली.

"वाटा मिळणार नाही. पगाराचंही खरं नाही."

"चेष्टा करतेस का? नफा झालाय ना!"

"ती दुरुस्ती होती, ओड्वार. मी ती मालमत्ता म्हणून लिहिली. पैसे केव्हाच गेलेत."

ओड्वारने हातातला पाव खाली ठेवला.

"हिवाळ्यात बोलली असतीस, तर आम्ही आळीपाळीने बिनपगारी घरी बसलो असतो. पूर्वीही बसलोय. तुम्ही विचारलंच नाहीत."

"आता विचारते." युरुन म्हणाली.

"आता?" ओड्वार म्हणाला. "आता पोरांनी तो वाटा उधारीवर खर्चूनही टाकलाय, बाई. तू लिहिलं होतंस ना, म्हणून."