मित्राची वही

लवंगा भाजल्या की मला इंडोनेशियातलं ते घर आठवतं. नव्वदच्या सुमारास आमच्या अंबरनाथच्या कारखान्यातून एकाला तिथल्या कुटुंबात राहून भाषा शिकायला पाठवायचं होतं. साहेबांनी बुवापाड्यातल्या माझ्या मित्राचं नाव काढलं, तेव्हा मी थाप मारली, "त्याची आई त्याला सोडणार नाही." मग माझीच निवड झाली. निघताना मित्राने वही दिली. तिकडे धंदा केलेल्या उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्याला विचारून त्याने इंडोनेशियन शब्द उतरवले होते. म्हणाला, "घे लेका, नापास झालास तर तंगडं मोडीन!" त्याचीच जागा लाटल्याच्या लाजेने मी जिद्दीला पेटलो. सहा महिने मराठीचा शब्द काढला नाही. घरमालकीण रोज संध्याकाळी "आंघोळ झाली का?" अशी तिकडची विचारपूस करायची, तिला तिच्याच भाषेत उत्तर द्यायचो. परतल्यावर झालेलं कौतुक मात्र गुपचूप घेतलं. उद्या, तो आता राहतो त्या बदलापूरला जाऊन त्याच्या नातवंडांसमोर त्याला सांगणार आहे, "निवड तुझी झाली होती. मी खोटं बोलून गेलो."