आईनं उठवलेला गाविलगडचा वेढा

इतिहासात गाविलगडचा किल्ला इंग्रजांनी जिंकला. अमरावतीत आमच्या अंगणात तो माझ्या आईनं वाचवला. त्या दिवशी इंग्रजांचा सेनापती मी होतो, त्यामुळे हे खात्रीनं सांगतो.

राज्य तेव्हा इंग्रजांचंच होतं, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी लग्नाला आलेला होतो. (लग्न मात्र माझ्याकडे यायला तयार नव्हतं!) माझा थोरला भाऊ नानादादा नाटकं लिहायचा. कुठल्याशा शेठच्या घरी त्यानं रेडिओवरचं नाटक ऐकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "आपन नुस्तं आयकाचं नाटक करू! पडदा पाडूनच ठेवायचा अन् मागून बोलायचं."

"मंग लोकं पायतीन काय?"

"पडदा! तुह्यं तोंड पायन्यापेक्षा बरं!"

यात तथ्य होतं. माझं तोंड पाहून आधीची स्थळं परत गेलेली होती.

नाटक दादानं असं रचलं: कापसाच्या जिनिंगमधल्या एका कारकुनाचा सदरा यंत्राच्या पट्ट्यात अडकतो, चाक उलटं फिरतं आणि कारकून गरगरत शंभरावर वर्षं मागे, वेढा पडलेल्या गाविलगडावर जाऊन आपटतो. किल्ला पडणार हे त्याला एकट्याला ठाऊक. तो ओरडून ओरडून सांगतो, कुणी ऐकत नाही, किल्ला पडतो. कारकून दादा. किल्लेदारही दादाच, आवाज जाड करून. शत्रू तेवढा माझ्या वाट्याला!

गॅसबत्त्या भाड्यानं देणारे करीमभाई नवाच भोंगा घेऊन आले होते. तो त्यांनी कडुनिंबाला बांधला आणि त्याचं बोलायचं यंत्र पडद्यामागे ठेवलं. आवाज तीन गल्ल्या पलीकडे जायचा. अडलं ते तोफेपाशी. मी पत्र्याचा डबा बडवून दाखवला.

करीमभाई म्हणाले, "भाऊ, ही तोफ हाय का खुळखुळा?"

मग माझी नजर आईच्या गंजावर गेली. माहेरून आलेला तांब्याचा मोठा गंज. पंगतीचं वरण शिजायचं ते त्यातच. आई मारुतीला गेलेली पाहून मी तो पडद्यामागे आणला, उपडा घातला आणि मुसळानं हाणला. धडाम्! कडुनिंबावरचे पोपट उडाले ते परत आलेच नाहीत. करीमभाईंनी माझी पाठ थोपटली.

आता खरी गोष्ट. त्याच दिवशी अकोल्याचे अण्णासाहेब आमचं घर पाहायला येणार होते. सरकारी कचेरीतले मोठे कारकून. त्यांची लग्नाची मुलगी दोन गल्ल्यांपलीकडे मामाकडे आलेली होती. दादानं त्यांना आग्रहानं नाटकाला बसवलं. ते जरा घाबरले.

"सरकारच्या इरोधात काई नाई ना? माह्या नोकरीवर आलं तर सोयरीक इथंच मोडली समजा!"

"अण्णासाहेब, शेवटी इंग्रजच जिंकतात," दादा म्हणाला.

"मंग काई हरकत नाई."

म्हणजे माझं लग्न व्हायचं तर गाविलगड पडायलाच हवा होता! मी मुसळ घट्ट धरलं. नाटकानंतर पाहुण्यांना जेवण होतं. मागच्या आवारात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी तयार होती, आणि वरण व्हायचं होतं. वरण! तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण सेनापती कुठं वरणाचा विचार करतो?

दुपार कलल्यावर नाटक सुरू झालं आणि काय रंगलं म्हणता! अंगण गच्च भरलं होतं. माझ्या प्रत्येक तोफेला बायका "अगं माय!" म्हणून दचकत होत्या. शेवटचा हल्ला आला. दादा कारकुनाच्या आवाजात रडकुंडीला आला होता, "किल्लेदार, आयका माहं! उत्तरेकडून येऊन राहिले!"

मी गरजलो, "तोफा डागा!" आणि मुसळ उचललं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

"बाळ्या! माहा गंज!"

आई! हातात पळी! आणि तिचा आवाज भोंग्यातून थेट तीन गल्ल्यांत! दादानं सावरायचा प्रयत्न केला. किल्लेदाराच्या जाड आवाजात तो म्हणाला, "कोण ही रणरागिणी?"

"रणरागिनी गेली चुलीत! तिकडं दाळ धुऊन बसली मी, अन् हा इथं गंज बडवून राहिला!"

मी कुजबुजलो (भोंग्याच्या यंत्रात तोंड घालून, शहाणाच मी!), "आई, एकच तोफ राहिली वो. किल्ला पाडतो अन् लगेच आणून देतो."

"किल्ला उद्या पाडजो! पाहुने उपाशी बसले!"

"आई, कान सोड! आई गं, कान!"

इंग्रजांच्या सेनापतीची ही आरोळी ऐकून अंगण फुटलं. मी हातवारे करून करीमभाईंना भोंगा बंद करायला सांगत होतो. ते डोळे पुसत म्हणाले, "कायले बंद करू भाऊ? पब्लिक खुश हाय!"

आई गंज डोक्यावर घेऊन गेली. मी उरलंसुरलं अवसान गोळा करून ओरडलो, "डागा तोफ!" आणि मुसळ जमिनीवर आपटलं. थप्!

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अबे, बुढीनं तोफ नेली! उठला वेढा!"

झालं! शिट्ट्या, टाळ्या, जयजयकार! "नाही हो, आम्हीच जिंकलो!" असं मी जीव तोडून सांगत होतो, पण बिनतोफेच्या सेनापतीचं कोण ऐकतो? आणि आमचे दादा, मीच लिहिलेला शेवट विसरून (म्हणजे त्यानंच लिहिलेला, माझं डोकं अजून ठिकाणावर येत नाही!) नाचत नाचत यंत्रात ओरडले, "वाचला! गाविलगड वाचला!"

घरभेदी मेला! मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या ओळीत अण्णासाहेब उपरण्यात तोंड खुपसून बसले होते, आणि त्यांचे खांदे गदगदत होते. गेली यांची नोकरी, गेलं माझं लग्न!

पंगतीत आईनं मुद्दाम माझ्याच हातात वरण दिलं. पोचे पडलेला तो गंज घेऊन मी अण्णासाहेबांपुढे उभा राहिलो.

"सेनापती, शेवट बदलला तुमी," ते गंभीरपणे म्हणाले.

"चुकून हो. आई..."

"कचेरीत कोनी इचारलं तर सांगीन, तोफेत वरण शिजलं म्हनून लढाई थांबली. याले काई कलम लागत नाई!" आणि ते पुन्हा उपरण्यात तोंड घालून गदगदू लागले. माणूस हसत होता! मला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं वाटलं, की पळीभर वरण मी त्यांच्या धोतरावर वाढलं.

तेवढ्यात मुलीचे मामा आले. भाचीनं गच्चीवरून सगळं नाटक ऐकलं होतं, आणि तिचा होकार होता.

माझी छाती फुगली. "माझा आवाज पसंत पडला वाटतं?"

"तुमचा नाई, तुमच्या आईचा," मामा म्हणाले. "ती म्हने, कान धरला की ज्या घरचा सेनापती तोफ सोडून देते, त्या घरात मले कायची भीती?"

लग्न झालं, आई थकली, आणि तिनं चुलीसोबत गंजही सुनेच्या हवाली केला. कान तेवढा आधीच हवाली झालेला होता.