पहिली जागा

बंद पडलेला कॉम्प्युटर कोणी आणला की नईमभाई तो उघडून पाहायचे आणि तोंडावर सांगायचे, "गेलं सारं. रडून घ्या, मंग चा पिऊ." खोटी आशा ते कोणालाच देत नसत. दारव्ह्याच्या ज्या फोटो स्टुडिओत मी झाडू-फरशी करायची, तिथली मशीनं तेच दुरुस्त करत. बाकीच्या बाया त्यांना भ्यायच्या. मला ते आवडायचे, कारण मालक शेठला बोलत तसंच मलाही बोलत.

कापसाला भाव नव्हता, पण लग्नं थांबली नव्हती. त्यांच्या शूटिंगनं कॉम्प्युटरची डिस्क भरली, म्हणून शेठनं मोठी आणली. जुन्या मशीनला तिचा थोडाच भाग दिसायचा. "तुकडे पाडून घे," शेठ म्हणाले. नईमभाई हट्टाला पेटले. "तुकडे कायले? पूरी एकसंध दिसली पाह्यजे!" काय काय करून त्यांनी ती दाखवलीच. "येडं बनवलं मशीनले!" म्हणत जिलबी मागवली.

आता जुनी लग्नं तिच्यावर घ्यायची होती. माझी सुनी लग्नानंतर वर्षाच्या आत बाळंतपणात गेली. तिच्या लग्नाची कॅसेट शेठनं दुसऱ्या लग्नाला वापरून टाकली होती. तिचा आवाज उरला होता तो त्या कॉम्प्युटरातच. मी धीर करून नईमभाईंना म्हटलं, "पह्यले माह्या पोरीचं ठेवा, भाऊ."

"ठेवलं, मावशी. पह्यला नंबर."

जुनी डिस्क शेठनं भंगारात दिली. उन्हाळ्यात एकदा नईमभाईंनी सुनीच्या हळदीचं शूटिंग लावलं, तर तिथं दुसऱ्याच कोणाची वरात नाचत होती. नईमभाईंनी मशीन तपासलं, मग म्हणाले,

"मशीनले हद्दीच्या पुढं मोजताच येत नाही. हद्द आली की थे पुन्हा सुरुवातीवर लिहिते. म्या नुसतं दाखवायले लावलं होतं."

"मंग माही सुनी?"

"पह्यली होती, पह्यली गेली."

त्यांनी मशीनमध्ये नवं कार्ड बसवलं. आता मशीन शेवटपर्यंत बरोबर मोजू लागलं. डिस्क पुसून नव्यानं लावायची, एवढंच राहिलं. पुसण्याआधी ते उरलंसुरलं चालवून पाहत होते. मी खाली फरशी पुसत होते. एकदम सुनी बोलली, "आई, पाणी दे ना." आवाज तिचाच, पण चित्रात नवरी दुसरीच होती.

"नईम, आटप," शेठ ओरडले. "गिऱ्हाईक बसून हाये."

"दोन शब्दांसाठी डिस्क अडवू काय, मावशी?" नईमभाई हसले.

पुन्हा एकदा लावा, एवढंच मला म्हणायचं होतं. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी पुसायचं बटण दाबलं होतं.