अन्नपूर्णेचा डबा

नवऱ्याच्या निवृत्तीनिमित्त आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच क्रूझवर निघालो, ग्रीक बेटं बघायला, आणि सासूबाईंनी बरोबर देव घेतले. नॉटिंगहॅमच्या घरात देव पंधरा दिवस बिनपूजेचे ठेवायचे हे त्यांना पटेना. एका स्टीलच्या डब्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, निरांजन, फुलवाती आणि कापूर. काडेपेटी कमरेच्या बटव्यात. ऐंशी वर्षांच्या बाईचा बटवा साउथहॅम्प्टनला कोणी उघडून बघितला नाही.

अन्नपूर्णा त्यांच्या माहेरची, लग्नात आईने दिलेली. तिची पूजा झाल्याशिवाय त्या अन्नाला शिवत नसत. अठ्ठावीस वर्षांत मला तिला एकदाही हात लावू दिला नाही. ‘‘तुझ्या हाताला घाई फार,’’ म्हणायच्या. हॉस्पिटलात मी बारा-बारा तास लोकांच्या शिरा शोधायचे, तिथे माझा हात चालायचा. अंगठ्याएवढ्या पितळी मूर्तीला मात्र तो चालत नव्हता. हे मी विसरले नव्हते.

कॉर्फूला त्यांच्या पूजेपायी आमची सहलीची बस चुकली. नवरा म्हणाला, ‘‘जाऊ दे गं, आपण डेकवर बसू,’’ आणि खरंच जाऊन बसला. माझं डोकं फिरलं. मी केबिन साफ करणाऱ्या माणसाला गाठलं आणि सांगितलं, माझी सासू आत दिवा लावते, मला काळजी वाटते. काळजी कसली, राग होता.

अर्ध्या तासात सिक्युरिटीचा माणूस आला. फार सभ्य होता. त्याने काडेपेटी घेतली, डबा न उघडताच उचलला, त्यावर केबिनचा नंबर चिकटवला आणि शेवटच्या सकाळी परत मिळेल म्हणाला. दारात थांबून त्याने मला विचारलं, यातलं त्यांना काही लागणार आहे का?

मी म्हटलं, नाही.

सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं. ‘‘दिवा राहू दे. देव तेवढे काढून द्या म्हणावं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘रूल्स आहेत, आई. ते एक्सेप्शन्स करत नाहीत.’’

त्यानंतरचे नऊ दिवस त्या चहा, दूध आणि केळ्यांवर राहिल्या. रोज सकाळी अंघोळ करून टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यासमोर हात जोडून बसायच्या. नवरा ‘‘आई, थोडं तरी खा’’ म्हणायचा आणि स्वतःची प्लेट दुसऱ्यांदा भरून आणायचा. सँटोरिनीला मी समुद्राकाठी भाजलेला मासा खाल्ला, पांढऱ्या घरांचे फोटो काढले. मला छान वाटत होतं. त्यांच्या हातातल्या पाटल्या कोपराकडे सरकायला लागल्या तेव्हाही मला खाली ऑफिसात जाऊन एक वाक्य बोलावंसं वाटलं नाही.

शेवटच्या सकाळी मी डबा आणून दिला. त्यांनी अन्नपूर्णा काढली, डोळ्यांना लावली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

‘‘तू त्यांच्याशी बोललीस म्हणून मिळाली. मला कुठलं जमायला. आता तूच सांभाळ तिला.’’

मी मूठ मिटून घेतली. नवऱ्याने आमचा दोघींचा फोटो काढला.

घरी पोचल्यावर मी अन्नपूर्णेला अंघोळ घातली, पुसलं, गंध लावलं. घाई होऊ नये म्हणून एकेक गोष्ट जपून करत होते. त्या भिंतीला धरून मागे उभ्या होत्या.

‘‘जमतं की तुला. मीच उगाच बोलत राहिले इतकी वर्षं,’’ म्हणाल्या, आणि मग मी वाढलेला वरणभात जेवायला बसल्या.