मशीन ठेवायला घर

शोभामावशीला कोणताही कागद दोनदा वाचून दाखवावा लागायचा. लाइट बिल असो, लग्नपत्रिका असो. एकदा ऐकून झालं की म्हणायची, "आता हळू वाच व माय. पहिल्या बारीले तू वाचतं, दुसऱ्या बारीले मी ऐकतो."

देऊळघाटात आमच्या भिंतीला लागून तिचं घर. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. नात्याने ती आमची कोणी नव्हती. ती ब्लाउज शिवायची, मी हूक लावून द्यायची; त्यातून माझा बुलढाण्याच्या बसचा पास निघायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हाही सांगत सुटायची, आताही सांगते.

मावशीच्या नवऱ्याने अकोल्याला दुसरं बिऱ्हाड केलं. फारकतीची बोलणी सुरू झाली तेव्हा तिचे भाऊ, माझे वडील, सगळे म्हणाले, दरमहा पोटगी माग. ती म्हणाली, "मले घर पायजे."

"घर काय भाजून खाशीन?" थोरल्या भावाने विचारलं.

"खायले मशीन हाये, दादा. मशीन ठेवाले घर पायजे. अन् पोटगी म्हंजे दर महिन्याले त्याची वाट पाहत बसनं. तेरा वर्सं पाह्यली. आता नाही पाहत."

नवरा कबूल झाला. कोर्टात द्यायचा तडजोडीचा कागद वाचायला मावशीने मला वकिलाकडे नेलं. नवराही तिथेच बसला होता. मी खाडखाड वाचलं. "पत्नी पोटगीचा हक्क सोडत असून तिला सदर घरात तहहयात राहू देण्यात येईल." मी म्हटलं, "झालं मावशी. घर भेटलं."

"हळू वाच."

मी पुन्हा वाचलं.

"राहू देईन म्हंते. देनारा कोन?"

देणारा तोच होता. घर त्याच्याच नावावर राहणार होतं आणि पोटगीही जाणार होती. माझ्या भरवशावर तिने सही केली असती, तर दोन्ही हातांनी रिकामी झाली असती.

वकील म्हणाले, "बाई, अर्थ एकच होतो."

"एकच होते तं मंग माह्या मनासारखा लिहा, साहेब. घर माह्या नावानं."

नवरा म्हणाला, "काऊन, माह्यावर विश्वास नाही काय?"

"होता ना बाप्पा. म्हनून तं इथं येऊन बसलो."

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. भाऊ चिडले, मिळतं तेही घालवशीन म्हणाले. मावशी ब्लाउज शिवत राहिली. तीन-चार महिन्यांनी नवरा कंटाळला आणि घर तिच्या नावावर झालं. मला मात्र ती त्या वाचण्यावरून एका शब्दाने बोलली नाही.

ग्रामपंचायतीत नाव चढल्यावर तिने आधी गवंडी बोलावला. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. रस्त्याकडची खिडकी नवऱ्याला चालायची नाही. गवंडी म्हणाला, "भिंत फोडाची तं घरात कोनाले विचारा लागन ना?"

"विचारलं. मीच हो म्हनलं. फोड."

त्या खिडकीशी तिने माझ्यासाठी टेबल मांडलं. आमच्याकडे सात माणसांत वही उघडायला जागा नव्हती. बी.ए.ची शेवटची दोन वर्षं मी तिथेच काढली. पुढच्या खोलीत तिची मशीन चालू असायची. दिवे लागले, आता हिला त्रास नको, म्हणून मी पुस्तकं गोळा करायला लागले, की मशीन न थांबवता ती तिथूनच म्हणायची,

"बस व. इथून तुले कोन उठवते?"