भुशाखालची लादी

घाटनांदूरच्या बसप्पाला संशय घ्यायला कारण लागत नसे. धंदाच तसा. बर्फाची लादी कारखान्यातून निघायची केवढी आणि दुकानात उतरायची केवढीशी! गाडीवाला उन्हाकडे बोट दाखवायचा आणि बसप्पा गाडीवाल्याकडे.

बाजार खुला झाला, बंगळूरला परदेशी कंपन्या आल्या, तिथं मुलगी शिवानी इंजिनिअर झाली. हे त्यानं कसंबसं गिळलं. पण सुट्टीत आलेली पोर म्हणाली, "अप्पा, मी बर्फाची जाडी लांबून मोजणारी रडारची चिप बनवते," तेव्हा त्याचं डोकं सणकलं.

"बर्फ मोजायला रडार? खरं सांग, तितं कुनाचं लफडं हाय?"

"हिमालयातला बर्फ, अप्पा. भुसभुशीत, पुरुषभर साचतो. मोजायला गेलेला माणूस गाडला जातो. चिप वरून लहरी सोडते. एक बर्फाच्या माथ्यावरून परत येते, एक खालच्या जमिनीवरून. दोन्हींच्या परतायच्या वेळेतल्या फरकावरून जाडी कळते. आधी कपाटाएवढं यंत्र लागायचं, आता नखाएवढी चिप."

"मंग उद्या दुकानात लादी वितळू नये म्हनून भुशात पुरतो आपन, तितं दाव. खरं निघालं तर जा बंगळूरला. न्हाईतर युसूफ वडगाव गावचे पाव्हणे तुला बगायला येत्याल, गुमान पाटावर बसायचं."

शिवानी हसत कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं चिप बसवलेला डबा भुशाच्या ढिगावर धरला. "खाली बर्फ दिसत न्हाई," ती पुटपुटली.

"अगं, सकाळी म्या सोता बगितली लादी पुरताना!" आई महानंदा म्हणाली.

शिवानीनं तारा तपासल्या, पुन्हा डबा धरला. पुन्हा तेच. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे चुकलंय माझंच," म्हणत ती पायरीवर बसली.

लादी बसप्पानंच गुपचूप काढून लग्नघरी धाडली होती. पोरगी खोटं बोलत असेल तर बर्फ नसतानाही काहीतरी आकडा ठोकून देईल, तोच त्याला पकडायचा होता. आता नुसतं तोंड मिटून बसलं की काम फत्ते, पोरगी घरात राहणार होती. पण तिचं ते खाली गेलेलं डोकं त्याला बघवेना.

त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत भुशात खुपसले आणि रिकामे बाहेर काढले.

"लादी म्याच काढलीया. तुजं यंत्र खरं हाय. जा तू."

पोर हरखेल असं त्याला वाटलं. तिनं डबा ओढणीत गुंडाळला.

"यंत्र खोटं निघालं असतं तरी चाललं असतं, अप्पा," ती म्हणाली. "तुमी मलाच खोटी समजलात."

बसप्पा हातावरचा भुसा झटकत राहिला, हात स्वच्छ झाले तरी.