ह्यांचा निळा शर्ट

आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये माग लावलाय. घराघरांतले जुने कपडे फाडून सगळ्यांची मिळून एक सतरंजी विणायची आहे. आजारपणानंतर ह्यांना ढगळ झालेला निळा शर्ट मी नेला. पट्ट्या कापणाऱ्या काकूंनी तो हातात घेऊन हळूच विचारलं, "कधी गेले?"

"घरी आहेत. चहाची वाट बघतायत."

काकू ओशाळल्या. मी मागाकडे पाहिलं. नकोसा झालेला कपडा कुठला आणि कुणाच्या मागे उरलेला कुठला, विणीत काहीच ओळखू येत नव्हतं. शर्ट ओढून घेऊन मी घर गाठलं.

"अहो, हा घाला बघू."

"आत्ता?" म्हणत ह्यांनी तो चढवला. बाही बराच वेळ रिकामीच लोंबत राहिली. मग तिच्यातून बोटं बाहेर आली. मी ती धरून ठेवली.